६९ आणि ६७४ : ओकिचोबीच्या पुरातली मोजदाद

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या वेस्ट पाम बीच या शहरात १९२८च्या सप्टेंबरात दोन सामुदायिक कबरी खणल्या गेल्या. एक वुडलॉन नावाच्या दफनभूमीत. तिथे ६९ मृतदेह पुरले. दुसरी टॅमरिंड अव्हेन्यू आणि पंचविसावा रस्ता जिथे मिळतात तिथे, निराधारांच्या दफनासाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या जागेत. तिथे ६७४. ही सगळी माणसे एकाच वादळात, एकाच तळ्याच्या पाण्यात गेली होती. पहिल्या कबरीतली माणसे गोरी होती. दुसरीतली जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय, आणि त्यातली बहुसंख्य पोटासाठी परमुलखातून आलेली शेतमजुरांची कुटुंबे. पहिल्या कबरीवर स्मृतिशिळा बसली. दुसरीवर सत्तरहून अधिक वर्षे साधी पाटीही नव्हती.

निसर्गाच्या कोपापुढे राव-रंक सारखे, असे आपल्याकडे म्हटले जाते. पुराच्या पाण्यापुरते ते खरे असेलही. पण पाणी येण्याआधी कोण कुठे राहत होता आणि पाणी ओसरल्यावर कुणाचे नाव कोणत्या यादीत आले, या गोष्टी निसर्ग ठरवत नाही. ६७४ माणसे बेनाम कशी झाली, याचा शोध घेताना मी पुन्हापुन्हा वादळाच्या रात्रीच्या मागे जात राहिलो. त्यांचे बेनाम होणे दफनाच्या दिवशी सुरू झालेले नव्हते. ते जिवंत असताना, रोज कामावर जात असतानाच सुरू झाले होते.

तळे, बांध आणि काळी माती

फ्लोरिडाच्या मध्यभागाच्या दक्षिणेस ओकिचोबी नावाचे विस्तीर्ण तळे आहे. मूळ रहिवाशांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘मोठे पाणी’. त्याचा विस्तार सुमारे १९०० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीच्या तिपटीहून जास्त. सरासरी खोली मात्र तीन मीटरही नाही. तळ्याच्या दक्षिणेला एव्हरग्लेड्स ही मैलोन्‌मैल पसरलेली गवताळ दलदल. पावसाळ्यात तळे भरले की पाणी दक्षिण काठावरून ओसंडून या दलदलीत पसरे आणि संथपणे समुद्राकडे सरके. हजारो वर्षे कुजलेल्या गवताने तिथे काळ्या मातीचा जाड थर तयार झाला होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मातीवर माणसाची नजर गेली. १९०५ साली गव्हर्नर झालेल्या नेपोलियन बोनापार्ट ब्रॉवर्ड यांनी दलदल कोरडी करण्याची मोहीमच हाती घेतली. कालवे खोदले गेले आणि दक्षिण काठावर मातीचा बांध घातला गेला. त्याची उंची पाच ते नऊ फूट. बांधाच्या आड, ज्या जमिनीवर पाण्याने पसरायचे तिच्यावरच शेते आणि गावे उभी राहिली. बेल ग्लेड, पहोकी, साउथ बे ही त्यातली गावे. घेवडा, टोमॅटो, मिरची, ऊस, जे पेराल ते तिथे उगवे. उत्तरेकडची शहरे बर्फाखाली असताना इथून भाजीपाल्याच्या गाड्या भरून जात.

पण जमीन पिकवायला हात लागत होते, आणि ते तिथे नव्हते.

आलेली माणसे

हे हात दोन दिशांनी आले. एक दिशा जॉर्जियासारख्या शेजारच्या राज्यांची. तिथल्या कापसाच्या शेतीत पिचलेली कृष्णवर्णीय कुटुंबे हंगामामागून हंगाम करत खाली सरकत होती. दुसरी दिशा समुद्रापलीकडची, बहामा बेटांची. ही बेटे तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती. अननसाची शेती बसली होती आणि रोजगार नव्हता. फ्लोरिडाचा किनारा मात्र बोटीने जवळ होता. १९०० ते १९२० या वीस वर्षांत दहा ते बारा हजार बहामी माणसे फ्लोरिडात आली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बेटांच्या एकूण लोकसंख्येचा तो जवळजवळ पाचवा हिस्सा होता. त्यातले कित्येक मायामीच्या बांधकामांवर लागले, कित्येक शेतीवर. हंगाम संपला की काही जण परत जात, काही थांबत, काही बायकामुलांना घेऊन येत.

ही कुटुंबे शेताच्या कडेला किंवा कालव्याच्या काठाला, पातळ फळ्यांच्या खोपटांत राहत. जमीन मालकाची आणि खोपटेही बहुधा त्याचीच. उंचवट्याची, पक्की जागा गावात होती, आणि त्या काळातल्या वंशभेदाच्या कायद्यांनी आणि रिवाजांनी गावातली जागा त्यांना बंद होती. मजुरी रोजची किंवा वेचलेल्या मालावर. हंगामी मजुराचे पूर्ण नाव, गाव, घरच्या माणसांची संख्या लिहून ठेवण्याची कुणालाच गरज पडत नसे. माणूस टोपणनावाने ओळखला जाई. मतदारयादीत तो नव्हता, घरपट्टीच्या वहीत नव्हता. बहामी माणूस तर देशाचा नागरिकही नव्हता. शेत त्याच्यावाचून चालत नव्हते, पण कागदावर तो कुठेच नव्हता. पुढे जे घडले त्याची मांडणी इथेच होऊन बसली होती.

पहिली घंटा

धोक्याची सूचना आधी मिळालेली होती. १८ सप्टेंबर १९२६ रोजी मायामीवर मोठे चक्रीवादळ आले. त्याच्या वाऱ्याने ओकिचोबीचा बांध नैर्ऋत्येला मूर हेवन या गावाशी फुटला आणि तिथे शेकडो माणसे बुडाली. बांध टिकणार नाही, हे त्या दिवशी सर्वांना कळले होते. पण फ्लोरिडात तेव्हा जमिनींच्या खरेदी-विक्रीचे आणि पर्यटनाचे मोठे पीक होते. नुकसान मोठे आहे असे बाहेर कळले तर गिऱ्हाईक पळेल, या भीतीने व्यापारी आणि राज्यकर्ते या दोघांनीही १९२६च्या नुकसानीची बातमी सौम्य करून सांगितली. मदतीसाठी पैसे गोळा करणाऱ्या रेडक्रॉसला त्याचा जाच झाला. बांध होता तसाच राहिला.

१६ सप्टेंबर १९२८

दोन वर्षांनी, सप्टेंबर १९२८मध्ये, अटलांटिकमध्ये आणखी एक वादळ तयार झाले. १२ तारखेला त्याने ग्वादलूप बेटावर हजाराहून अधिक बळी घेतले. १३ तारखेला प्वेर्तो रिको उद्ध्वस्त केले. मग बहामा बेटांवरून ते फ्लोरिडाकडे वळले. ज्या बेटांवरून माणसे निघून आली होती त्या बेटांवरून वादळही त्यांच्या मागोमाग आले.

तळ्याच्या पातळीत आधीच्या आठवड्यांतल्या पावसाने मोठी वाढ झाली होती. १६ तारखेला, रविवारी, तळ्याकाठच्या लोकांना सावध करण्यात आले. काही लोक उंच जागी आणि पक्क्या इमारतींत गेलेही. पण वादळ सांगितलेल्या वेळी आले नाही. बरेच जण वाट पाहून घरी परतले. संध्याकाळी वादळ वेस्ट पाम बीचजवळ किनाऱ्याला धडकले आणि रात्री तळ्यावर पोचले.

उथळ तळे आणि वारा यांचे नाते समजायला परातीतले पाणी डोळ्यांसमोर आणावे. परात भरलेली आहे आणि तुम्ही एका कडेने जोरात फुंकर घातलीत, तर पाणी दुसऱ्या कडेवरून सांडते. वादळाचे केंद्र जवळ येत असताना वारा उत्तरेकडून होता. त्याने तळ्याचे सगळे पाणी दक्षिण काठावर रेटले. मातीचा बांध आधी ओलांडला गेला, मग मैलच्या मैल वाहून गेला. केंद्र पुढे सरकल्यावर वारा उलटा फिरला आणि उत्तरेच्या काठावरही पाणी चढले. दक्षिणेकडचे पाणी तोवर खोपटांच्या आढ्यांवरून गेले होते. अंधारात, पावसात, कुणाला कुठे जावे ते कळत नव्हते. बेल ग्लेडमधल्या दोन हॉटेलांच्या वरच्या मजल्यांवर शेकडो लोक वाचले. शेतातल्या खोपटांना वरचा मजलाच नव्हता.

किनाऱ्यावर, जिथे वाऱ्याचा मारा सर्वांत प्रखर होता, तिथे घरादारांचे नुकसान प्रचंड झाले, पण मृत्यू तुलनेने फार थोडे होते. देशभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या बातम्या आल्या त्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या. साठ-सत्तर किलोमीटर आत, तळ्याकाठी काय झाले आहे, हे बाहेर कळायला दिवस गेले.

शवपेट्या

पाणी पसरलेल्या प्रदेशातून मृतदेह काढण्याचे काम आठवडेच्या आठवडे चालले. या कामासाठी वाचलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने जुंपण्यात आले. त्यातले कित्येक जण स्वतःच घरची माणसे गमावून बसलेले होते. कामावरून निघू पाहणाऱ्या एका मजुराला पहाऱ्यावरच्या सैनिकाने गोळी घालून ठार केल्याचीही नोंद आहे.

लाकूड कमी होते. म्हणून शवपेट्या गोऱ्यांसाठी राखून ठेवल्या गेल्या. बाकीच्यांची प्रेते ट्रकमध्ये रचून वेस्ट पाम बीचला किंवा तळ्याच्या पूर्वेला पोर्ट मायाका येथे नेली गेली. उष्णतेने प्रेते सडू लागली तेव्हा पुष्कळशी जागच्या जागी तेल ओतून जाळली गेली. गोऱ्या मृतांची ओळख पटवण्याचा निदान प्रयत्न तरी झाला. बाकीच्यांच्या बाबतीत संख्या मोजली गेली, तीही जिथे मोजणे जमले तिथे.

झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेची ‘देअर आइज वर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी १९३७मध्ये आली. तिच्या उत्तरार्धात हे वादळ आहे, शेतमजुरांची वस्ती आहे, त्यांच्यात मिसळलेले बहामी मजूर आहेत. प्रेतांची वंशावरून वाटणी करण्याचा प्रसंगही तिच्यात येतो. प्रेते इतकी बिघडलेली असतात की कातडीवरून रंग कळत नाही, म्हणून केस तपासा असा हुकूम सुटतो. हर्स्टन या फ्लोरिडातच वाढलेल्या आणि लोकजीवनाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासक होत्या. ही कादंबरी पुढे जवळजवळ विस्मरणात गेली आणि १९७०च्या दशकात पुन्हा वाचली जाऊ लागली. त्या मधल्या काळात या मजुरांची आठवण सर्वदूरच्या वाचकांपर्यंत नेऊ शकेल असे दुसरे पुस्तक फारसे नव्हते.

दफनानंतर काही दिवसांतच शहराच्या महापौरांनी शोकाचा एक तास जाहीर केला. टॅमरिंड अव्हेन्यूच्या कबरीपाशी सुमारे तीन हजार लोक जमले होते. थोर शिक्षणकार्यकर्त्या मेरी मॅक्लिओड बेथ्यून तिथे होत्या. म्हणजे त्या दिवशी ही जागा कुणाला ठाऊक नव्हती असे नाही. तिच्यावर खूण ठेवावी असे ज्यांच्या हातात होते त्यांना वाटले नाही, इतकेच.

मोजण्याचे दोन प्रकार

इथे एक वर्ष मागे जाऊन मिसिसिपी नदीकाठी डोकावणे भाग आहे. आपत्तीत मजुराला कोण आणि कशासाठी मोजतो, हे तिथे उघड दिसते.

१९२७च्या वसंतात मिसिसिपीला महापूर आला. ग्रीनव्हिल या गावी सुमारे तेरा हजार कृष्णवर्णीय माणसे नदीच्या बांधावर तंबूंत अडकून पडली. त्यांना हलवायला बोटी आल्या, आणि गोऱ्या बायकामुलांना घेऊन गेल्या. स्थानिक मदत समितीचे प्रमुख विल पर्सी यांनी सर्वांनाच हलवायचे ठरवले होते. त्यांचे वडील लरॉय पर्सी आणि इतर मळेवाले यांनी तो निर्णय फिरवला. ही माणसे एकदा उत्तरेकडे गेली तर कापूस वेचायला परत येणार नाहीत, ही त्यांची भीती होती. बांधावर सैनिकांचा पहारा बसला. शिधा हवा असेल तर मजुराला अंगावर बिल्ला लावावा लागे. इडा वेल्स यांनी शिकागोच्या ‘डिफेंडर’ पत्रातून या छावण्यांबद्दल लिहिले. ओरड झाल्यावर मदतकार्याचे प्रमुख हर्बर्ट हूव्हर यांनी रॉबर्ट मोटन यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णवर्णीयांची सल्लागार समिती नेमली.

ग्रीनव्हिलमध्ये मजूर काटेकोरपणे मोजला गेला, कारण मळ्यांना तो परत हवा होता. तो वर्षभर तिथे राहणारा, मालकाच्या कर्जाच्या वहीत नाव असलेला माणूस होता. ओकिचोबीला आलेल्या हंगामी कुटुंबाचे नाव अशा वहीतही नव्हते. तो गेला तर पुढच्या हंगामाला दुसरा येणार होता. एका ठिकाणी माणूस कुणाचा तरी मजूर म्हणून मोजला गेला. दुसऱ्या ठिकाणी तो कुणाचाच नव्हता, म्हणून मोजलाच गेला नाही. माणूस म्हणून मोजदाद दोन्हीकडे झाली नाही.

१८३६

रेडक्रॉसने ओकिचोबीच्या मृतांचा आकडा १८३६ असा दिला. पुढची पाऊणशे वर्षे हाच आकडा अधिकृत मानला गेला. पण आता साधी बेरीज करून पाहू. वुडलॉनमध्ये ६९. टॅमरिंड अव्हेन्यूला ६७४. पोर्ट मायाकाच्या सामुदायिक कबरीत सुमारे १६००. या तीनच जागांची बेरीज २३४३ होते, म्हणजे अधिकृत आकड्यापेक्षा पाचशेहून जास्त. यात जागच्या जागी जाळलेली प्रेते नाहीत, इतर लहान कबरी नाहीत, गवताळ दलदलीत वाहून गेलेली माणसे नाहीत. पुढे कित्येक वर्षे नांगरताना हाडे सापडत, त्यांचीही मोजदाद यात नाही.

ही तफावत कशी राहिली? मला वाटते, याचे कारण बेपत्ता माणसाची नोंद कशी होते यात आहे. नोंद करायला मागे कुणीतरी उरावे लागते. गावातला दुकानदार वाहून गेला तर त्याचा भाऊ, शेजारी, चर्चचे पाद्री त्याचे नाव सांगतात. त्याचे घर कुठे होते ते सर्वांना माहीत असते. नुकताच पेरणीच्या हंगामासाठी आलेला मजूर बायकामुलांसह गेला, शेजारचे खोपटेही गेले, तर त्याचे नाव सांगणार कोण? दूर बहामातल्या एखाद्या बेटावर पत्र येणे थांबले असेल. तिथल्या आईला मुलगा बुडाला, की दुसऱ्या कामाला लागून विसरला, हेही कळले नसेल. तिने चौकशी कुणाकडे करायची? ज्याच्याकडे तो राबत होता त्या मालकाचे नाव तरी तिला ठाऊक होते का?

मदतीचेही तसेच. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून मदतीच्या वाटपातल्या भेदभावाच्या तक्रारी आल्या. वाटणाऱ्या माणसाचा पूर्वग्रह हा त्यातला एक भाग झाला. दुसरा भाग मला अधिक खोलवरचा वाटतो. वाहून गेलेले घर पुन्हा बांधायला मदत मिळते, पण घर मालकाचे असेल तर राहणाऱ्याच्या हाती काय पडते? बुडालेल्या पिकाची नोंद शेतकऱ्याच्या नावे होते, त्या पिकावर मिळू शकणाऱ्या मजुरीची नोंद कुठे होते? वाटणारा कितीही सज्जन असला, तरी त्याच्या हातातल्या तक्त्यात या माणसांसाठी रकानाच नसतो.

नंतर

वादळानंतर हूव्हर राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी या भागाला भेट दिली आणि १९३०च्या दशकात सैन्याच्या अभियंत्यांनी तळ्याभोवती भक्कम बांध उभारला. पुढे वाढवत नेलेल्या या बांधाची लांबी आज सुमारे २३० किलोमीटर आहे आणि त्याला हूव्हर यांचेच नाव आहे. बांधामुळे जमीन सुरक्षित झाली आणि साखरेचा धंदा फोफावला. उसाच्या तोडणीला पुन्हा बाहेरचे हात लागले. १९४३पासून तर सरकारी करारानेच बहामा आणि कॅरिबियनमधल्या इतर बेटांवरून मजूर आणले जाऊ लागले. उसाच्या फडांत असे मजूर १९९०च्या दशकात यंत्रे येईपर्यंत राबत होते. नोव्हेंबर १९६०मध्ये एडवर्ड मरो यांचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. स्थलांतरित शेतमजुरांची दैना त्याने घराघरांत पोचवली. त्यातले भल्या पहाटे मजुरांना ट्रकमध्ये भरण्याचे दृश्य बेल ग्लेडचे आहे. बांध बदलला होता. त्याच्या आड राहणाऱ्या मजुराची स्थिती फारशी बदललेली नव्हती.

बेल ग्लेडमध्ये १९७६ साली वादळाचे स्मारक उभे राहिले. लाटेपुढे जीव घेऊन पळणारे एक कुटुंब त्यात कोरलेले आहे. टॅमरिंड अव्हेन्यूची जागा मात्र तशीच पडून होती. मध्यंतरी ती शहराच्या मालकीतूनही गेली होती. खालच्या माणसांच्या वतीने आजूबाजूच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या काही जणांनी चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा २०००मध्ये शहराने ती परत विकत घेतली. २००२मध्ये तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत झाली, आणि मग तिथे फलक लागला.

वादळाला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा, २००३मध्ये, अमेरिकेच्या हवामान खात्याने मृतांचा अधिकृत आकडा बदलला. १८३६च्या जागी आता ‘किमान २५००’ असे लिहिले जाते. त्यातले तीन-चतुर्थांश किंवा अधिक स्थलांतरित शेतमजूर होते, असेही मान्य केले गेले. १९००च्या गॅल्व्हेस्टननंतर हे अमेरिकेतले सर्वाधिक बळी घेणारे वादळ ठरते.

जुना आकडा शेवटच्या अंकापर्यंत नेमका होता आणि चुकीचा होता. नवा आकडा ढोबळ आहे, पण त्याच्या आधी आलेला ‘किमान’ हा शब्द प्रामाणिक आहे. आपल्याला न मोजता आलेली माणसे होती, ही कबुली त्या एका शब्दात आहे. ती नावे आता कधीच मिळणार नाहीत. त्यांची यादी करण्याची वेळ १७ सप्टेंबरची सकाळ नव्हती. ती वेळ त्याआधीच्या प्रत्येक हंगामातली होती, खोपटात नवे कुटुंब राहायला आले आणि मालकाने त्याला कामावर घेतले, त्या दिवसाची.